डोंगर काय विकत नाही

१४ ऑक्टोबर

नोकरीचा पहिला दिवस. नवा मॅनेजर ब्रायस म्हणाला, "कॉफी घेणार ना?" मी हो म्हटलं. मला कॉफी आवडत नाही. अख्खा मग संपवला, म्हणजे फुकट गेली नाही, पण ते 'हो' खोटंच होतं. उद्या विचारलं तर खरं सांगायचं.

म्हाताऱ्या हॉगेननी उन्हाळ्यात डोंगर विकला. आम्ही नुसतं 'डोंगर' म्हणतो. त्यावरच्या, माणसांना माथ्यापर्यंत नेणाऱ्या तीन लिफ्टा, कँटीन, स्कीचे उतार, सगळं त्यात आलं. विकत घेणारी कंपनी डेन्व्हरची. त्यांच्याकडे असे चौदा डोंगर आहेत आणि एकच पास काढला की सगळीकडे स्की करता येतं. वर्ना आत्या म्हणते, "चौदा बायका असलेल्या माणसाला आपल्या बायकोचं नाव कसं लक्षात राहायचं?" आत्याला कुणीच पसंत पडत नाही.

माझं काम गाव आणि कंपनी यांच्यात दुवा व्हायचं. ब्रायस म्हणाला की इथली, सगळ्यांना ओळखणारी, व्यवस्थित मुलगी हवी होती. बाबांना सांगितलं तेव्हा ते दुकानात स्कीच्या कडांना धार लावत होते. हात न थांबवता म्हणाले, "व्यवस्थित तर तू आहेसच."

२३ ऑक्टोबर

आजचं नीट लिहून ठेवायला हवं, कारण मला वाटतं मी आज गावाच्या उपयोगी पडले.

ब्रायसने विचारलं, "लेटा, मला एक कळत नाही. इथलं कँटीन अकराला उघडतं. डोंगरावर स्की भाड्याने मिळत नाहीत. बार पाचला बंद. या माणसाला पैसे नको होते का?"

मी म्हटलं, "हॉगेन मुद्दामच तसं करायचे."

"मुद्दाम?"

मग मी सगळं सांगितलं. पहिली लिफ्ट उभारली तेव्हा गावच्या हॉलमध्ये बैठक झाली होती. डोंगर काय विकणार यापेक्षा काय विकणार नाही यावरच जास्त बोलणं झालं. सकाळचा नाश्ता आत्याच्या खानावळीचा. स्की भाड्याने देणं आणि दुरुस्ती बाबांच्या दुकानाची. संध्याकाळची बिअर गावातल्या बारची. हिवाळ्यात कामाला येणारी माणसं लोकांच्या घरांतल्या खोल्यांत राहायची. डोंगराने लिफ्टचं तिकीट आणि दुपारचं सूप एवढंच विकायचं. त्या बदल्यात नोव्हेंबरमध्ये एका शनिवारी अख्खं गाव वर जाऊन उतारांवरची झुडपं तोडतं आणि बर्फ अडवायची कुंपणं उभारतं. त्याचे पैसे कुणी घेत नाही.

ब्रायस लिहून घेत होता. "आणि तुझ्या वडिलांचं दुकान तर पार्किंगच्या तोंडाशीच आहे. जागा त्यांची?"

"नाही, डोंगराची."

"भाडं किती देतात?"

मला हसू आलं. मी सांगितलं की भाडं असं नाही. सीझन संपला की बाबा हॉगेनच्या स्कींना मेण लावून, धार करून देतात, आणि बचाव पथकाच्या सगळ्या स्की वर्षभर फुकट सांभाळतात. तेच भाडं.

"आणि हे कुठे लिहिलेलं आहे?"

"नाही. तशी वेळच आली नाही."

त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "सुंदर आहे हे." खरंच मनापासून म्हणाला. जमिनीचं त्याने दोनदा विचारलं. एवढ्या बारकाईने ऐकणारा माणूस मी पाहिलेला नाही.

मी नववीपर्यंत शाळेत गेले नाही. आई बॉइसीला निघून गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मग गणित बाबांनी मेण लावायच्या बाकावर शिकवलं, वाचन आत्याने खानावळीच्या काउंटरवर. बाबांचा एकच नियम: विचारलंय त्याचं उत्तर पुरतं द्यायचं, रीत दाखवून. अर्धवट उत्तर बरोबर असलं तरी लाल पेन्सिलीने काट मारायचे. नीट जमलं तर शाबासकी नाही, फक्त म्हणायचे, "पूर्ण." आजचं माझं उत्तर पूर्ण होतं. एकदा माहीत झालं की कंपनीलाही हे सगळं सांभाळता येईल.

८ नोव्हेंबर

झुडपांचा शनिवार. सकाळी सगळे कुऱ्हाडी, करवती घेऊन पार्किंगमध्ये जमले. आत्या राजम्याचं मोठं पातेलं घेऊन आली होती. ब्रायस बाहेर येऊन फार अदबीने म्हणाला की विम्याच्या नियमांमुळे बाहेरच्या माणसांना उतारावर काम करू देता येत नाही, कंपनीची माणसं सोमवारी येतील.

बाबा म्हणाले, "आम्ही बाहेरचे नाही."

"मला कळतंय, मिस्टर व्हेस्टल. पण कागदावर तसंच आहे."

आत्या म्हणाली, "मग पातेल्यातलं तरी विम्यात बसतंय का बघ." सगळे हसले. ब्रायसने दोनदा वाढून घेतलं. माणूस घमेंडखोर नाही. लोक कुऱ्हाडी गाड्यांत टाकून परत गेले. विम्याचं मला आधी कळायला हवं होतं, लोकांचा हेलपाटा वाचला असता. हे माझंच काम होतं.

२९ नोव्हेंबर

एवढी गर्दी गावाने कधी पाहिली नव्हती. गाड्यांची रांग पुलापर्यंत. आत्याकडची अंडी नऊलाच संपली. तिची स्वयंपाकीण मारिसोल माझ्याकडे बघून नुसती हात जोडत होती. बाबांच्या दुकानात एकही जोडी उरली नाही. त्यांनी स्वतःची जुनी जोडीसुद्धा एका उंच माणसाला दिली. दुकान बंद करताना ते गुणगुणत होते. बाबा कधी गुणगुणत नाहीत.

मी आत्याला म्हटलं, "उगीच घाबरत होतो आपण."

"तू घाबरत होतीस. मी शिव्या देत होते," ती म्हणाली. पण तीही खुशीत होती.

१९ डिसेंबर

आजपासून कँटीन सकाळी सातला उघडलं. मी ब्रायसला विचारायला गेले. दारातूनच दोनदा परतले होते. तो म्हणाला, निर्णय वरचा आहे, डेन्व्हरचा, आणि लोकांना रांगेत उभं राहून अंडी मिळत नाहीत हे मीच त्याला सांगितलं होतं ना? सांगितलं होतं. तक्रार म्हणून नव्हतं सांगितलं, आनंदाने सांगितलं होतं.

बाबा म्हणाले, "पाव्हणे पुष्कळ आहेत, दोघांनाही पुरतील." आत्या काउंटर पुसत राहिली. काउंटर स्वच्छच होता.

६ जानेवारी

कँटीनच्या शेजारी स्की भाड्याने द्यायचा काउंटर सुरू झाला. नव्या कोऱ्या स्की, पाससोबत घेतल्या तर जवळजवळ फुकट. धार लावायला मशीन आहे. स्की एका बाजूने आत घातली की दुसऱ्या बाजूने तयार होऊन बाहेर येते. बघायला छान वाटतं. तसं वाटल्याबद्दल मला दिवसभर अपराधी वाटलं.

डबा द्यायला दुकानात गेले. बाबा रेडिओ ऐकत बसले होते. हिवाळ्यात दुपारी बाबांना बसलेलं मी पाहिलेलं नाही.

"मशीन कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे?"

मग मला पूर्ण सांगावं लागलं: किती वेळ लागतो, किती माणसं लागतात, धार कशी येते. ते मान हलवत ऐकत राहिले. मग म्हणाले, "धारेच्या कोनाचं काय करतात? प्रत्येकाची चाल वेगळी असते." मी म्हटलं, सगळ्यांना एकच कोन. "हं," म्हणाले. त्यावर मी नको तितकं बोलत राहिले, की चांगले स्की करणारे तुमच्याकडेच येतील.

आले नाहीत. चांगले स्की करणारे म्हणजे आम्हीच, गावचे. आणि गावच्या स्की बाबांकडेच टांगलेल्या असतात.

२५ जानेवारी

मारिसोलच्या घरमालकाने घर पर्यटकांना द्यायचं ठरवलं. आता ती दरीपलीकडून येते आणि घाटात बर्फ असला की येतच नाही. आत्याने मंगळवार-बुधवारी खानावळ बंद ठेवायला सुरुवात केली. घरमालकाला दोष तरी कसा देणार? कामाला येणारी माणसं आता कंपनीने आणून ठेवलेल्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात, त्याच्या खोल्या रिकाम्या होत्या.

खोल्यांचंही मीच सांगितलं होतं. आज ऑक्टोबरचं पान काढून वाचलं. नाश्ता, स्की, बार, खोल्या. मी ज्या क्रमाने सांगितलं जवळजवळ त्याच क्रमाने झालंय. पण हे सगळं कुणालाही सुचलं असतं. मोठ्या कंपनीला माझ्यासारखीने सांगायची काय गरज?

१२ फेब्रुवारी

हॉलमध्ये बैठक. खुर्च्या मी मांडल्या. ब्रायसने भिंतीवर नकाशा लावला: डोंगराच्या उत्तर अंगाला नवा तळ, नवी लिफ्ट, हॉटेल, दुकानं, महामार्गापासून थेट रस्ता. रंगवलेलं चित्र सुरेख होतं. नकाशा डोंगरमाथ्याशी संपत होता. त्याच्या दक्षिणेला आम्ही.

बारवाल्या लॉयडने विचारलं, "मग गावातून गाड्या कशा जाणार?"

"नाही जाणार," ब्रायस म्हणाला. "गर्दीचा त्रास होतो अशा तुमच्या तक्रारी होत्या. त्या आम्ही गंभीरपणे घेतल्या."

"मी पार्किंगबद्दल बोललो होतो," असं म्हणून लॉयड खाली बसला.

शेवटच्या रांगेतून आत्या म्हणाली, "लॉयड, तू पुन्हा तोंड उघडू नकोस. तुझ्या तक्रारी ऐकल्या जातात." हसणारे कमी होते.

घरी जाताना बाबा म्हणाले, "आपली बाजूही चालूच राहील ना? जुन्या लिफ्टा?"

ब्रायसने तसं म्हटलेलं मला आठवत होतं. पण 'सध्या' हा शब्द त्यात होता की नाही ते आठवेना. मी म्हटलं, "सध्या तरी." बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

३ मार्च

ब्रायसने दार लावून घेतलं आणि मला समोर बसवलं. म्हणाला, बाहेरून कळण्याआधी तुला कळावं असं मला वाटलं. बाबांच्या दुकानाच्या जागी कंपनीच्या बसेस उभ्या राहणार. नव्या तळाला माणसं नेण्यासाठी. एप्रिलअखेर जागा रिकामी करायची आहे.

मी म्हटलं, "ते तिथे तीस वर्षं आहेत."

"कल्पना आहे. मी वर बोललो त्यांच्यासाठी. नव्या काउंटरवर त्यांना काम देता येईल."

मग तो म्हणाला, आणि हे मी जसंच्या तसं लिहिते: "खरं सांगू, कागदावर काही नाही हे तू पहिल्याच महिन्यात सांगितलंस म्हणून बरं झालं. आमचे वकील धरून चालले होते की जुना करार असणार. करार मोडायचा म्हणून मोठी रक्कम बाजूला काढून ठेवली होती. ती वाचली. तुझं नाव वर कळवलंय मी."

तो कौतुकानेच म्हणाला.

मी आभार मानले. तोंडातून आपोआप निघाले. मग बाहेर येऊन हातमोजे शोधत राहिले आणि ते हातातच होते.

४ मार्च

बाबांना सांगितलं. जागेचं आधी, मग वकिलांचं. ते सोडून देता आलं असतं. बाबांना कधीच कळलं नसतं.

ते स्कीवर मेण वितळवायच्या इस्त्रीवरचं मेण फडक्याने पुसत होते. म्हणाले, "त्याने विचारलं होतं तुला?"

"हो."

"मग सांगायलाच हवं होतं."

"तुम्ही असता तर सांगितलं असतं?"

"मला कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. इस्त्री थंड झाली होती तरी पुसत राहिले. काउंटरवरच्या कामाचं मी सांगितलं. ते म्हणाले, सगळ्यांना एकच कोन लावायला माझी काय गरज?

१८ एप्रिल

गावचे लोक स्की न्यायला येताहेत. दर सीझनला सगळ्यांच्या स्की दुकानाच्या मागच्या भिंतीवर, नावाच्या खुंट्यांवर टांगून ठेवायची पद्धत आहे. लहान मुलाची खुंटी खाली, मग उंची वाढली की वर. माझ्या चार खुंट्या आहेत. लोक स्की काढून घेतात आणि काय बोलावं न कळून दारात उभे राहतात. आता त्या गॅरेजमध्ये पडतील.

दुपारी म्हातारे हॉगेन आले. मुलाने गाडीतून आणलं होतं. अंगाने निम्मे झालेत. बाबांना म्हणाले, "ऑरिन, मी त्यांना बजावलं होतं, सगळं आहे तसंच ठेवा. हो म्हणाले होते."

बाबा म्हणाले, "हो म्हणायला त्यांचं काय जातं?"

"माझी मुलं डोंगर सांभाळायला तयार नव्हती रे. मी काय करणार होतो?"

"काही नाही."

बाबांनी त्यांच्या स्की बाकावर घेतल्या. दोन्ही कडांना धार लावली, तळाला मेण लावलं, खरवडलं, ब्रश मारला. सगळं नेहमीसारखं, काहीही न गाळता. हॉगेन आता कधी स्की करणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. मग स्की त्यांच्या हातात देऊन बाबा म्हणाले, "यंदाचं भाडं."

म्हातारा रडला. मुलाने त्यांना धरून गाडीपर्यंत नेलं, स्की मी नेऊन ठेवल्या.

११ जून

दुकान पाडलं. सकाळी सुरू केलं आणि दुपारच्या जेवणाआधी खडी पसरून झाली.

आत्याने खानावळीला कायमचं कुलूप लावलंय. मी तिला मदत करायला गेले होते. कपबशा कागदात गुंडाळताना ती म्हणाली, "तुझ्या बापाने गणित शिकवलं. गप्प बसायला मी शिकवायला हवं होतं. वाचनाच्या तासात बसलं असतं."

मी म्हटलं, "मला वाटलं, समजलं तर सांभाळतील."

"समजलं ना. चांगलंच समजलं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने बशी खाली ठेवली. "तू नसतंस सांगितलं तर दुसऱ्या कुणी सांगितलं असतं गं. पण दुसऱ्याने अर्धं सांगितलं असतं. आपल्यात पूर्ण सांगणारं माणूस तू एकटीच."

आत्या बॉइसीला चाललीय, एका शाळेच्या स्वयंपाकघरात. बाबा दरीपलीकडे, मारिसोलच्या इमारतीत. गोदामात काम मिळालंय. रात्री गुडघे सुजतात, पण विचारलं तर सांगत नाहीत. त्यांच्या खोलीचं भाडं माझ्या पगारातून जातं म्हणून मी राजीनामा दिलेला नाही. हे कारण खरं आहे. ते एकच कारण आहे का, हे मी रोज तपासते.

३० सप्टेंबर

जुन्या लिफ्टा यंदा चालणार नाहीत. 'सध्या' हा शब्द होता.

मला बढती मिळाली. कंपनीने पंधरावा डोंगर घेतलाय, मिशिगनच्या अगदी उत्तरेला. ब्रायससोबत तिथे जायचं. ब्रायस म्हणतो, लोक तुझ्याशी बोलतात, तुझ्यात तशी काहीतरी गोष्ट आहे.

१५ नोव्हेंबर, मिशिगन

डोंगर छोटा आहे, टेकडीच म्हणायची. वाऱ्यात तळ्याचा वास. लिफ्टच्या रांगेजवळ चर्चच्या बायकांनी टेबल मांडलं होतं. खिमा-बटाट्याच्या भल्यामोठ्या करंज्या, टॉवेलात गुंडाळून गरम ठेवलेल्या. लोक तिथूनच घेऊन उभ्याने खात होते. मागे कँटीनची खिडकी बंद.

ब्रायस लिफ्टचं इंजिन बघायला गेला आणि मला ऑफिसात बसवलं. समोर तिथल्याच गावची, आइली नावाची मुलगी होती, माझ्याच वयाची. शेजारी तिची आजी, स्वेटर विणत. मला नेमून दिलेला प्रश्न मी विचारला. आवाज माझाच होता.

"कँटीन दुपारी उघडतं. का?"

आइलीने तोंड उघडलं. ती सांगणार होती. तिचा चेहरा मी ओळखला. सुरुवात कुठून करावी, म्हणजे काही राहून जायला नको, अशा विचारात असलेला चेहरा.

आजी सुयांवरून नजर न काढता म्हणाली, "स्वयंपाकीण उशिरा उठते."

आइलीने आजीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. खिडकीतून ते टेबल स्पष्ट दिसत होतं, त्यावरची वाफसुद्धा.

मी आणखी काही विचारलं नाही. लिहून घेतलं आणि ब्रायसला दिलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "मग स्वयंपाकीण बदलू." त्याच्या डोक्यात सात वाजताचा नाश्ता आहेच. मी थांबवलेलं काहीच नाही. फार तर त्या टेबलाला एखादा सीझन मिळेल, तोही मिळेल असं नाही.

संध्याकाळी बाबांना फोन केला. मागे गोदामाचे पंखे घोंघावत होते, त्यांना जेवणाची सुट्टी होती. तिथे काय विचारलंस, म्हणाले. मी सगळं सांगितलं, टेबलासकट.

"आणि तू काय लिहिलंस?"

"स्वयंपाकीण उशिरा उठते."

पंख्यांचा आवाज येत राहिला.

"पूर्ण," बाबा म्हणाले.